घराला घाम फुटला

परवा कपाटातून कोल्हापुरी चपला काढल्या, तर वादीपासून टाचेपर्यंत हिरवी बुरशी. चोवीस तास एसी चालतो त्या घरात! पावसाळ्यात कोल्हापूरच्या आमच्या शुक्रवार पेठेतही चपला सादळतात, पण त्या निदान पंचगंगेच्या काठी असतात.

आपलं जोतं मुरूम ठासून भरलेलं. इथे नॉर्थ कॅरोलिनात घराखाली दोन-तीन फूट पोकळी, खाली उघडी माती, वर लाकडी तुळया, बाजूच्या भिंतींत हवेसाठी झडपा. तिथे रांगतच जावं लागतं, म्हणून नाव क्रॉल स्पेस. तिथलीच हवा वर घरात चढते.

आप्पांना फोन केला. "झडपा सगळ्या उघड. वारं खेळू दे. २०१९ च्या महापुरानंतर घर कसं वाळवलं मी?" बापाचं ऐकलं. जूनभर झडपा उघड्या. जुलैत तुळयांना हात लावला तर बोटं ओली, आणि उष्णता अडवायला तुळयांमध्ये बसवलेली काचलोकर भिजल्या गादीसारखी लोंबत होती.

तपासायला आलेला माणूस म्हणाला, झडपाच बंद करा. मला हसू आलं. मग त्याने समजावलं: बाहेरची हवा गरम, दमट, घराखालचा भाग थंड. ती आत शिरली की गार होते आणि पाणी सोडते. फ्रिजमधला तांब्या ओट्यावर ठेवला की त्याला घाम फुटतो ना, तेच. लाकडातली ओल वीस टक्क्यांवर गेली की कुजायची भीती. त्याच्या यंत्रात आकडा २३.

आप्पा चुकले म्हणावं, तर इथल्या बांधकाम नियमांतही वर्षानुवर्षं दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट झडप ठेवा असंच होतं. म्हणजे चुकलेच असतील तर आमचे आप्पा अमेरिकेच्या बरोबरीने चुकले. शिवाय आपल्याकडे एसीने घराचं पोटच थंडगार कोण करतो?

आधी पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब नेलं. ते पायातच मुरत होतं. मग मातीवर जाड प्लास्टिक, सांधे चिकटपट्टीने बंद, कडा भिंतीवर चढवल्या, झडपा बुजवल्या, ओल शोषणारं यंत्र बसवलं. हवेतली आर्द्रता साठच्या आत हवी. आता ५४ आहे. खर्च आईलाही सांगितला नाही.

काल आप्पांचा फोन. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर, इशारा पातळी. माळ्यावर सामान चढवत होते, धाप लागलेली. तरी विचारलंच, "झडपा उघड्या आहेत न्हवं?"

"हो आप्पा," म्हटलं. "सगळ्या."