आण्णांचा अंगठा आणि बामणोलीची रेंज

आमच्या आण्णांचा रोज रात्री जेवणानंतर एक ठरलेला कार्यक्रम असतो. फोनमध्ये उघडलेल्या अ‍ॅप्सची यादी काढायची आणि एकेक अ‍ॅप अंगठ्याने वर ढकलायचं, शेंगा फोडायला बसल्यासारखं, एक पण शिल्लक ठेवायचं नाही. वर मला ऐकवायचं, "तुझ्या फोनात सतरा गोष्टी चालू, मग चार्जिंग कसं टिकंल?"

खोटं कशाला बोलू, मी पण बरीच वर्षं हेच करत होतो. पण त्या यादीत दिसतंय म्हणजे अ‍ॅप चालूच आहे असं नसतं, बहुतेक अ‍ॅप्स तिथं नुसती गोठून पडलेली असतात, आणि रॅम, म्हणजे उघडलेली अ‍ॅप्स जिथं राहतात ती मेमरी, भरलेली असो नाहीतर रिकामी, वीज साधारण तेवढीच खाते. उलट मारून टाकलेलं अ‍ॅप परत पहिल्यापासून उघडायला प्रोसेसरला जास्त राबावं लागतं. आण्णा दिवसातून चाळीसदा व्हॉट्सअ‍ॅप उघडणार आणि चाळीसदा मारणार, म्हणजे दर चहाला चूल विझवून परत पेटवायची! २०१६ मध्ये अ‍ॅपलच्या टिम कुकना एकाने ईमेल करून विचारलं होतं की तुम्ही अशी अ‍ॅप्स बंद करता का आणि त्याने बॅटरी वाचते का, तर उत्तर दिलं अ‍ॅपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगींनी, दोन्हीला सरळ नाही. अँड्रॉइडमध्ये तर २०१५ च्या मार्शमेलो आवृत्तीपासून डोझ नावाची सोय आहे, स्क्रीन बंद करून फोन नुसता पडून राहिला की तो अ‍ॅप्सची मागची कामं अडवून धरतो आणि मधेमधे थोडा वेळ सोडतो.

हे सगळं आण्णांना सांगून झालं. पटलं नाही.

मग मागच्या महिन्यात मामांकडे बामणोलीला गेलो. सकाळी साताऱ्यातून निघताना दोघांचे फोन १००, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पुढे गेलो आणि रेंज यायला-जायला लागली, फोन कोणी हातात पण घेतला नव्हता, आण्णांनी तर निघतानाच सगळं साफ केलेलं, तरी दुपारी मामांच्या ओट्यावर बसलो तेव्हा माझा ४६ आणि त्यांचा ३१! साताऱ्यात घरी असलो की एवढ्या वेळात माझा ऐंशीच्या खाली येत नाही.

सेटिंगमध्ये बॅटरी वापर उघडला तर माझ्यात सगळ्यात वर मोबाईल नेटवर्क. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो, आणि रेंज गेली की परत परत शोधत बसतो, त्यात जातं सगळं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला बसून आपण निवांत, खिशातला फोन मात्र घाम गाळतोय.

आण्णांच्या फोनात अजून एक भानगड निघाली. हवामानाचं कसलं तरी अ‍ॅप, त्याला लोकेशनची परवानगी 'कायम' दिलेली, ते मागून सकाळपासून चालू. म्हणजे आण्णा अगदीच चूक नव्हते, मागून खाणारी अ‍ॅप्स असतात, पण यादीतून ढकलून ती दरवेळी थांबतातच असं नाही, परवानगीच काढावी लागते. ती 'अ‍ॅप वापरतानाच' अशी करून टाकली. आणि रेंज नाहीच तर एरोप्लेन मोड टाका म्हणलं.

संध्याकाळी सातला घरी पोचलो तर आई दारातच. "दुपारपासून लावतीय, ह्यांचा फोन बंद का?" आण्णा एरोप्लेन मोड काढायलाच विसरलेले. पण फोन खिशातून काढून त्यांनी आईलाच दाखवला, "हे बघ, तीसच्या खाली गेला नाही." आणि सोफ्यावर बसून अंगठा चालू.