चेहरा हिरवा, बोट लाल

विमानतळाचं नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथेच आहे. इमिग्रेशनच्या हॉलमध्ये नागमोडी रांग जिथे सुरू होते, तिच्या एका अंगाला काचेची फाटकं आहेत, ती ई-गेटं. त्यांच्या तोंडाशी जाकीट घालून उभी असते ती मी. सरकारी नाही, कंत्राटी. काम एवढंच: "आधी बोर्डिंग पास, मग पासपोर्ट", "चष्मा काढा", "पावलांच्या खुणेवर उभे राहा", "बोट दाबू नका, नुसतं ठेवा". रात्रभर हीच चार वाक्यं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत.

ज्यांनी ही फाटकं पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. योजनेचं नाव लांबलचक आहे, 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम'. २२ जून २०२४ला दिल्लीत सुरू झाली, १६ जानेवारी २०२५ला मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले मूळचे भारतीय, यांच्यासाठी. ऑनलाइन अर्ज करायचा, छाननीत पास झालात की एकदा चेहरा आणि बोटांचे ठसे द्यायचे, मग पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत काउंटरची रांग नाही. अमेरिकेत याच धर्तीची ग्लोबल एंट्री २००८पासून आहे, तिची फी आता १२० डॉलर. आपल्याकडे फुकट. त्यामुळे परदेशातली मुलं-नातवंडं तिकडे बसून आईवडिलांचे फॉर्म भरून टाकतात, आणि इकडे ही 'विश्वासू' मंडळी माझ्यासमोर येऊन विचारतात, "बाळ, आता कुठे बोट लावायचं?"

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. नाइट शिफ्ट. अमेरिका-युरोपची विमानं मध्यरात्रीनंतर एकामागून एक सुटतात, त्या वेळची.

दोघी एकदमच आल्या. तपकिरी स्वेटर गळ्यापर्यंत बंद, कपाळावर छोटी मरून टिकली, पांढरे बूट. मी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि झोपेनं दोन-दोन दिसायला लागलं की काय, असं क्षणभर वाटलं.

"बघ, बघ. सगळी अशीच बघतात," एक म्हणाली. "ही अकरा मिनिटांनी धाकटी."

"पण अक्कल मलाच जास्त," दुसरी.

कराडकडच्या. साठी उलटलेल्या. पहिल्या दोन मिनिटांत मला सगळा वंशवृक्ष कळला. दोघींची लग्नं एकाच मांडवात, दोन सख्ख्या भावांशी. म्हणजे सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. आडनाव एक, वाडा एक, पत्ता एक. चालल्या होत्या न्यू जर्सीला, पणतीच्या बारशाला. फॉर्म नातवानं भरला होता. त्यानं बजावलं होतं की रांगेत उभं राहायचं नाही, काचेच्या दारातनं जायचं.

दोघी शेजारशेजारच्या फाटकांवर गेल्या. बोर्डिंग पास वाचला गेला, पासपोर्ट वाचला गेला, पहिलं दार उघडलं, आत कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. चेहरा हिरवा. बोट लाल.

दोघींचंही.

आता आमच्याकडे 'फिंगर येत नाही' हे रात्रीतून इतक्या वेळा होतं की त्याचं कुणाला काही वाटत नाही. एसीनं कातडी कोरडी पडते. मेंदी असते. वय झालं की रेषा पुसट होतात. आणि ज्या बायकांनी जन्मभर भांडी घासली, शेण काढलं, पाटा-वरवंटा केला, त्यांच्या बोटांवर रेषा उरतातच किती. माझ्या खिशात म्हणूनच ओले टिश्यू आणि व्हॅसलिनची डबी असते. अगदीच नाही जमलं तर बोट कपाळावर घासायला सांगायचं, अंगचं तेल लागतं.

"रेशनला पण असंच करतंय," थोरली बाहेर येऊन म्हणाली. "अंगठा उमटत नाही म्हणतो, आणि मला म्हणतो तुम्ही तुम्हीच कशावरनं."

मी तिचं बोट हातात घेतलं. उजव्या हाताची तर्जनी. पेराच्या खाली आडवा जुना व्रण, विळीचा असावा, नखाच्या कडेला हळदीचा पिवळेपणा बसून राहिलेला. टिश्यूनं पुसलं, डबीतलं किंचित लावलं, पुन्हा कोरडं केलं. मग धाकटीचं. तिचं बोट गुळगुळीत, व्रण नाही, पण खरखर तीच. दुसऱ्यांदा पाठवलं. चेहरा हिरवा, बोट लाल. कपाळावर घासून तिसऱ्यांदा. लाल. स्क्रीनवर काउंटरकडे जाण्याची सूचना आली.

मला यंत्राचाच राग आला, खरं सांगते. चेहरा पटतोय ना? मग बोटाचा एवढा काय हट्ट?

काउंटरवरचे अधिकारी बंगाली. मराठी येत नाही, हिंदीही त्यांच्या चालीची. मी दुभाषी म्हणून शेजारी उभी राहिले. आधी थोरली. "फिंगर नहीं आ रहा सर, दोनों का," मी सांगितलं. त्यांनीही मान डोलावली, रोजचंच. पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. तोच चेहरा. पहिलं नाव त्यांनी असं काही उच्चारलं की मलाच दोनदा ऐकावं लागलं, पण मावशींनी ताबडतोब "हो" म्हटलं. जन्मतारीख विचारली, बरोबर. वडिलांचं नाव, आईचं नाव, बरोबर. पत्ता खाडखाड सांगितला, पिनकोडसकट. शिक्का उचललाच होता, तेवढ्यात त्यांनी शेवटचं पान उलटलं.

"हज़बंड का नाम?"

"मावशी, यजमानांचं नाव विचारतायत."

मावशी गप्प. एवढा वेळ तोंड बंद नव्हतं ती बाई काउंटरच्या कडेवर नखानं रेघ ओढत राहिली. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी गप्प बसणं त्यांच्या खात्यात चांगलं मानत नाहीत.

"घेऊ?" तिनं मला विचारलं. "ते जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासनं मला कुणी नाव घे म्हणालं नाही."

हळदीकुंकवात अशा बाईला कुणी नाव घ्यायला सांगत नाही, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी म्हटलं, "घ्या ना."

तिनं पदर सारखा केला आणि इमिग्रेशनच्या काउंटरवर, मागे दीडशे माणसांची रांग असताना, ठसक्यात म्हणाली:

"काचेच्या दाराला माझं बोट काही पटेना,
…रावांचं नाव घेतल्याशिवाय विमान सुटेना."

नाव इथे गाळते, खाजगी माणसं आहेत. मागच्या रांगेतल्या एका बाईनं चक्क टाळी वाजवली.

"ये क्या है, पोयम?" अधिकारी म्हणाले.

मी समजावलं की हमारे यहाँ पुराने लोग पति का नाम सीधा नहीं लेते, ऐसे बाँध के लेते हैं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाले, "मेरी ठाकुमा, मतलब दादी, भी नहीं लेती थी. घुमा-फिरा के बोलती थी." आणि हसत हसत पानावर बोट ठेवलं. मग हसू थांबलं.

"लेकिन यहाँ तो ये नाम नहीं है."

त्यांनी पानावर छापलेलं नाव वाचलं. मी मावशींना ते सांगितलं.

"अगं बाई!" मावशी वळून धाकटीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "ते तर हिचे!"

उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. चेक-इन झाल्यावर दोघी बाकावर बसून दशमी-चटणी खात होत्या. गोळ्या काढायला पिशव्या उघडल्या. पासपोर्ट आणि बोर्डिंग पासची दोन प्लॅस्टिक पाकिटं मांडीवर आली, आणि परत जाताना अदलाबदल होऊन गेली. बोर्डिंग पास पासपोर्टशी जुळत होता, कारण पाकीटच्या पाकीट बदललं होतं. चेहरा फोटोशी जुळत होता, कारण चेहरा तोच. आणि नाव? "आम्हाला लहानपणापासनं कुणीबी कुणाच्याबी नावानं हाक मारतंय," धाकटी म्हणाली. "आम्ही दोघी ओ देतो. कोण सारखं दुरुस्त करत बसणार?"

मी मात्र सुन्न. कारण फाटक काय विचारतं, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. 'तू कोण?' असं ते विचारत नाही. 'या पासपोर्टच्या नावावर जो चेहरा नोंदवलाय, त्याच्याशी हा पुरेसा जुळतो का?' एवढंच विचारतं. 'पुरेसा' म्हणजे किती, ते आकड्यानं आधीच ठरवलेलं असतं. जुळ्या बहिणीचा चेहरा त्या आकड्याच्या वर आरामात जातो. पुढे मी शोधून वाचलं. एनआयएसटी या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेनं २०२२मध्ये खास जुळ्यांवर अहवाल काढला होता, आणि एकसारखी जुळी ओळखताना तपासलेल्या जवळजवळ सगळ्या प्रणालींनी हात टेकले होते. त्यासाठी ओहायोतल्या ट्विन्सबर्ग नावाच्या गावी भरणाऱ्या जुळ्यांच्या जत्रेतले फोटो वापरले होते म्हणे. आमच्या दोघींना तिथे न्यायला हवं होतं.

बोटाचं तसं नाही. ठशाच्या रेषा आईच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास घडायला लागतात. बीज एक असलं तरी कोण कसं वळलं, कुठे दाब पडला, त्यावर रेषांचे बारकावे ठरतात. जुळ्यांचेही ठसे वेगळे. म्हणजे ज्या बोटांना मी तीन वेळा पुसलं, तेल लावलं, मनातल्या मनात बोल लावला, ती बोटं पहिल्यापासून सरळ सांगत होती की हा पासपोर्ट माझा नाही. कष्टाच्या बायकांची बोटं यंत्राला कळत नाहीत, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की ती काय सांगतायत ते ऐकलंच नाही.

वरिष्ठ आले. दोघींचे ठसे नोंदीशी पुन्हा ताडायचे ठरले. त्यासाठी आधी थोरली कोण आणि धाकटी कोण, हे पक्कं हवं. तोवर त्या दोनदा जागा बदलून बसल्या होत्या. सगळ्यांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी त्यांच्या गावची. चेहऱ्यावरून मला शेवटपर्यंत ओळखू आलं नाही. मी दोघींचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला. विळीचा व्रण. "या थोरल्या."

ठसे जुळले. बंगाली साहेब आता खुशीत होते. जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ साली आमच्या कलकत्त्यात निघाला, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. पाकिटांची अदलाबदल झाली, वरिष्ठांनी दोघींना 'आगे से ध्यान रखिए' म्हणून सौम्य दम दिला. एकंदर चाळीस मिनिटं गेली. इथूनच शिक्का मारून सोडतो, असं साहेब म्हणाले.

तर दोघी हलेनात. "नातवाला काय सांगू? काचेच्या दारातनंच जायचं."

साहेबांनी हात जोडले. दोघी पुन्हा माझ्याकडे.

थोरली गेली. चेहरा हिरवा, बोट हिरवं, दार उघडलं. पलीकडे जाऊन तिनं मला असा हात केला की जणू नदीच पार केली.

धाकटी गेली. चेहरा हिरवा. बोट लाल.

माझा हात सवयीनं टिश्यूच्या खिशाकडे गेला होता. तो तसाच थांबवला, तिला बाहेर बोलावलं, पासपोर्ट घेतला आणि शेवटचं पान उघडलं.

"मावशी, यजमानांचं नाव काय?"

"उखाण्यात घेऊ का साधं?"

"साधं."

तिनं नाव सांगितलं आणि वर जोडलं, "बसले असतील घरात टीव्ही बघत, त्यांचं काय लाजायचं." नाव पानावरच्या नावाशी जुळलं. मग मी तिचं बोट पुसलं.