शिळं पेट्रोल

पेट्रोल शिळं होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आमच्या घरी त्याला शिळं व्हायला कधी सवडच मिळाली नाही. बाबा एका वेळी पाच लिटर भरायचे, तेही पंपावरच्या माणसाच्या हातावर नजर ठेवून, आणि काटा तळाला टेकला की पुन्हा पाच. त्यामुळे परवा शनिवारी दुपारी, इथे मिशिगनमध्ये एका अनोळखी म्हाताऱ्याच्या गराजमध्ये शिरल्यावर जो वास आला तो ओळखायला वेळ लागला. आधी वाटलं वॉर्निश. मग वाटलं, वाड्यातल्या माळ्यावरची ट्रंक उघडलीय कुणीतरी.

"टाकीतलं पेट्रोल आहे," म्हातारा म्हणाला. "1992चं." मुरलेल्या लोणच्याबद्दल बोलावं तसा सूर.

गाडी होती 1968ची प्लिमथ रोडरनर. म्हणजे गाडीचा बराचसा भाग. इंजिन एका स्टँडवर, बॉनेट भिंतीला टेकवलेलं, पुढची सीट माळ्यावर, आणि उरलेली गाडी चार लोखंडी घोड्यांवर. अशी गाडी घेऊन ती नव्यासारखी करायची, हे माझं ठरलेलं आहे. गेली अकरा वर्षं ठरलेलं आहे. त्या अकरा वर्षांत मी किती गाड्यांखाली पाठीवर झोपलो, किती जणांना भाव विचारला आणि 'कळवतो' म्हणून घरी आलो याचा हिशेब बायकोकडे आहे. ती याला शनिवारचं देवदर्शन म्हणते. जायचं, प्रदक्षिणा घालायची, हात काळे करून परत यायचं.

खरं सांगायचं तर तयार गाडी मला बघवत नाही. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. 1995 पासून चालू आहे. आम्ही घडीच्या खुर्च्या आणि चिवड्याचा डबा घेऊन कडेला बसतो. समोरून चकचकीत मस्टँग, चार्जर, जीटीओ घुमत जातात आणि अर्ध्या तासात मला पेंग येते. क्रोममध्ये आपलंच तोंड दिसतं, बाकी करण्यासारखं काही उरलेलं नसतं. पंगती उठल्यावर मांडवात पोचल्यासारखं वाटतं.

रोडरनरवर मात्र माझा जीव आहे, कारण तिची गोष्ट फार मध्यमवर्गीय आहे. 1964 मध्ये पॉन्टिअ‍ॅकने मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं 389 घनइंची इंजिन घालून जीटीओ काढली आणि मग सगळेच त्या नादाला लागले. चार वर्षांत या गाड्या इतक्या नटल्या, की ज्या पोरांसाठी काढल्या त्यांनाच परवडेनात. तेव्हा प्लिमथने उलटा हिशेब मांडला. इंजिन दांडगं ठेवा, बाकी काढता येईल ते काढा. गालिचा कशाला, रबरी मॅट चालेल. सीट बाकासारखी सलग चालेल. किंमत 3,000 डॉलरच्या आत बसवली. आणि एवढी काटकसर करून पैसे उधळले कशावर? कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सना 50,000 डॉलर मोजले आणि त्याच्यासारखा 'बीप बीप' वाजणारा हॉर्न खास बनवून घेतला. भाजी एकच, पण पाहुणे येणार म्हणून पापड तळलेला, त्यातला प्रकार.

पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले आणि उरलंसुरलं 1973च्या तेलटंचाईने संपवलं. त्याच वर्षी तिकडे दिल्लीत पेट्रोल महागलं म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. बाबा हा किस्सा आमची गाडी बंद पडली की हमखास सांगायचे. म्हणजे तो आम्हाला पाठ होता.

बाबांची फियाटही 1968चीच. कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यातली 1100 डिलाइट, जिची पुढे पद्मिनी झाली. त्यांनी ती 1981 मध्ये तिसऱ्या हाताची घेतली. 1089 सीसी, चाळीसेक घोडे. या रोडरनरचं इंजिन 383 घनइंची, म्हणजे सव्वासहा लिटर, 335 घोडे. लिटरच्या हिशेबाने त्या एका इंजिनात आमच्या जवळजवळ सहा फियाट मावल्या असत्या. आमच्या चाळीसांतले निम्मे घोडे बोरघाटात बसकण मारायचे. रेडिएटर उकळायचं आणि शिंग्रोबाच्या देवळाशी थांबावंच लागायचं. भक्तीपेक्षा पाण्यासाठी. मग बाबा बॉनेट उघडून एसी पंपावर ओलं फडकं घालायचे, कारण पेट्रोलची वाफ धरली की पंप ओढत नाही. एसी म्हणजे थंड हवा हे मला फार उशिरा कळलं. माझ्या लेखी बरीच वर्षं एसी म्हणजे ओलं फडकं.

बाबांना स्वतःला धड पाना धरता येत नव्हता. मिस्त्री बॉनेटमध्ये कमरेपर्यंत आणि बाबा शेजारी टॉर्च धरून, ही रविवार सकाळची ठरलेली पोझ. मिस्त्री आतून म्हणायचे, "साहेब, जेटमध्ये कचरा आलाय." बाबा म्हणायचे, "वाटलंच मला." त्यांना काहीही वाटलेलं नसायचं. मी मागे हातात नट-बोल्टची वाटी धरून. आईची चांगली वाटी. ती नंतर कधी स्वयंपाकघरात परत घेतली गेली नाही.

संध्याकाळी बँकेतून येताना बोळाच्या तोंडाशी बाबा दोनदा हॉर्न द्यायचे. तो ऐकला की आई आधण ठेवायची. बाबा गाडी भिंतीला चिकटवून लावेपर्यंत चहा गाळून तयार. 1996 मध्ये त्यांचे डोळे अधू झाले आणि गाडी विकली. घेणारा हडपसरचा होता. चावी, कागद, स्टेपनी, मारायचं हँडल, सगळं बाबांनी मोजून दिलं. गाडी बोळातून बाहेर पडताना कुणी सायकलवाला आडवा आला असावा, त्या माणसाने दोनदा हॉर्न दिला. आई उठली, आत गेली आणि आधण ठेवलं. बाबा तिच्या समोरच खुर्चीवर बसले होते. कुणी काही बोललं नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

तर, गराज.

आधी नंबर बघायचा. डॅशबोर्डवर काचेतून दिसणारी एक पट्टी असते, ती गाडीचा सातबारा. सुरुवात आरएम21 अशी होती, म्हणजे असली रोडरनर, प्लिमथच्याच साध्या बेल्व्हेडिअर गाडीला पक्ष्याचं स्टिकर लावून उभं केलेलं सोंग नव्हे. मग चुंबक काढायचं. पत्रा असेल तिथे धरतं, लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लेप, भरलेली असेल तिथे सुटतं. माझं चुंबक फ्रिजवरचं आहे, दगडूशेठचा गणपती, फडक्यात गुंडाळून नेतो. बॉनेटवर गणपती बसला. दोन्ही दारांवर बसला. डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याशी आला आणि अलगद घसरून माझ्या तळहातावर पडला.

"तिथे बोटभर जाड आहे," म्हातारा म्हणाला. "मीच भरलीय, 1980 साली."

प्रामाणिक माणूस. आत वाकून बघितलं तर ड्रायव्हरच्या पायाखालून गराजची फरशी दिसत होती, आणि तिच्यावर एक वाळलेलं पान. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ ओततात. ते लांबून आणावंही लागत नाही, डेट्रॉईटखाली सुमारे 1,200 फुटांवर मिठाची खाणच आहे. वर गाड्या जन्माला घालायच्या आणि खालून त्यांना खाणारं काढायचं, असं हे गाव. इंजिनाची मला भीती नाही. बोअर करा, रिंगा-पिस्टन बदला, हेडचं काम करा, आकडा ठरलेला असतो. पैसे खातो तो पत्रा. एक भोक कापायला जावं तर शेजारची तीन तुमची वाटच बघत असतात.

भिंतीवरच्या फळीवर कॉफीचे डबे होते, बावीस मोजले. प्रत्येकात छोट्या पिशव्या, प्रत्येक पिशवीवर शाईने लिहिलेलं. 'डावं दार, वरची बिजागरी, 3 बोल्ट.' 'वायपर, मधला दांडा.' टपोरं, गोल अक्षर, शाळेतल्या बाईंचं असतं तसं. एका पिशवीवर लिहिलं होतं, 'हे कशाचे आहेत मला माहीत नाही. त्यालाही नाही.'

मी ती दोनदा वाचली.

"बायकोचं अक्षर," तो म्हणाला आणि डबा जागेवर ठेवला.

यात चालू असं काय आहे, असं मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून. तर हा उठला, गवत कापायच्या यंत्राची बॅटरी काढून आणली, दोन वायरी जोडल्या. बीप बीप. नाकात बोलल्यासारखा आवाज, एवढ्या धिप्पाड गाडीला न शोभणारा. तो हसला. पुन्हा एकदा वाजवला. मग सवयीने घराच्या मागच्या दाराकडे बघितलं. मीही बघितलं. दार बंदच होतं.

सांगितलेली किंमत इथे लिहीत नाही, घरात हे वाचलं जातं. कळवतो म्हणालो.

घरी येऊन गणपती फ्रिजवर लावला.

"घेतलीस का?" आतून आवाज आला.

"नाही. पत्रा पार गेलाय."

"बरं."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "हॉर्न चालू आहे पण."

यावर ती काय म्हणणार. हाताला अजून तो वास येतोय. दोनदा साबण लावून झाला.