मेसटाउन: रस्ता कमी, नदी जास्त

मेसटाउन म्हणजे न्यूझीलंडच्या ओटागो भागातलं, सोन्याच्या खाणींचं ओस पडलेलं गाव. खालच्या अ‍ॅरोटाउनला मुक्कामाच्या काउंटरवर सांगितलं, "मेसटाउन ना? पंधरा किलोमीटर, जुना गाडीरस्ता. आरामात जाल." किलोमीटर बरोबर निघाले. हा रस्ता वीसहून अधिक वेळा अ‍ॅरो नदीत उतरतो, एवढंच सांगायचं राहिलं.

पहिल्या काही वेळा मजा येते. मग पायाची बोटं आपली राहत नाहीत. पाणी बर्फाच्या डोंगरांतून येतं, उन्हाळ्यातही हाडात शिरतं. बूट काढून ओलांडण्याचा नाद करू नका. गोटे बुळबुळीत आहेत आणि पाणी ओढतं. बूट घालूनच उतरा, काठी हवीच, कोरडे मोजे पिशवीत तळाशी. पाणी मांडीवर चढलं की सरळ मागे फिरा. आदल्या रात्री वर पाऊस झाला असेल तर निघूच नका. १८६३च्या पुरांनी या आणि शेजारच्या शॉटओव्हर नदीकाठचे कितीतरी खाणकामगार नेले, तेही पोटासाठी आले होते, आपण तर हौसेने जातो. नदी टाळायची तर बिग हिलवरून पायवाट आहे, पण चढ दम काढतो.

जीपवाल्याने आधी एक भाव सांगितला आणि निघताना "नदी चढलीय" म्हणून वाढवला. सगळं आधी लिहून घ्या. भाड्याची साधी गाडी तर मुळीच घालू नका, विम्याचा करार वाचलात तर कळेल का ते.

वर काय आहे? डागडुजी केलेली दोन घरं: एक बेकरी, एक मास्तरांचं. मालक गेल्यावरही वाढत राहिलेली झाडं. रिच बर्नच्या खोऱ्यात पुढे गेलं की गारगोटी कुटून सोनं काढायचं यंत्र, लोखंडी मुसळं रांगेत उभी. दुकान नाही, माणूस नाही, चावऱ्या माशा मात्र भरपूर. एवढ्या पाण्यातून यायच्या लायकीचं आहे का? माझ्या मते जेमतेम.

खरा माल खाली अ‍ॅरोटाउनला, बुश क्रीक या ओढ्याच्या काठी आहे, तोही फुकट: चिनी खाणकामगारांची जुनी वस्ती. १८६२मध्ये या नदीत सोनं सापडलं ते जॅक टेवा या मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या माओरी (तिथल्या मूळ रहिवासी) माणसाला. पण गावाला सुरुवातीला नाव पडलं फॉक्स या दुसऱ्याच सोनं शोधणाऱ्याचं. पुढे गोरे खाणकामगार वेस्ट कोस्टच्या (पश्चिम किनाऱ्यावरच्या) नव्या सोन्यामागे पळाले, तेव्हा डनेडिन शहरातल्या व्यापाऱ्यांनी चिनी माणसांना बोलावलं. ते आले, उरलेली वाळू पुन्हा चाळू लागले आणि लगेच नकोसे झाले. १८८१मध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसला, १८९६मध्ये तो १०० पौंड झाला. सरकारने माफी मागितली २००२मध्ये. त्यांच्या झोपड्या कातळाला टेकून रचल्यात, दार इतकं बुटकं की माझ्यासारख्या ठेंगण्या माणसालाही वाकावं लागलं. आह लम यांचं दुकान मात्र ऐसपैस, टपाल-उधारीसकट अख्ख्या वस्तीचा आधार. सकाळी लवकर जा, दहानंतर बसगाड्या येतात.

मराठी माणसाने ओटागोत आणखी एक थांबा घ्यायचाच: ग्लेनोर. मुंबईहून आलेला एडवर्ड पीटर्स, लोकांच्या तोंडी 'ब्लॅक पीटर', याने तुआपेका भागात सोनं आधीच शोधलं होतं. १८६१मध्ये त्याच भागात सोनं सापडलं म्हणून गॅब्रिएल रीडचा गाजावाजा झाला, रीडला एकूण १,००० पौंड बक्षीस मिळालं. पीटर्सला कित्येक वर्षांनी ५० पौंड कबूल झाले, तेही लोकांनी तेवढीच वर्गणी जमवली तर! १८९३मध्ये तो गेला. स्मारक २००९मध्ये झालं, उद्घाटन तेव्हाचे गव्हर्नर जनरल आनंद सत्यानंद यांनी केलं.

लॉरेन्स गाव, रीडला सोनं सापडलं ती गॅब्रिएल्स गली वगैरे सोपं आहे, दुपारभरात होतं. ग्लेनोर मिल्टनहून लॉरेन्सकडे जाताना आठ नंबरच्या महामार्गावर लागतं. वेग आधीच कमी करा, मागून लाकडाचे ट्रक सुसाट येतात.