ग्राउल आणि स्क्रीम: गळ्याचं काम गळ्याकडे, स्टुडिओचं स्टुडिओकडे

डेथ मेटल किंवा ब्लॅक मेटल या टोकाच्या मेटल संगीतप्रकारांतला आवाज काढायला बसलेला जवळजवळ प्रत्येक नवखा आधी जीव खाऊन ओरडतो, आणि घसा तिथेच बसतो. मुरलेल्या गायकाचा ग्राउल, म्हणजे खोल घरघरता आवाज, बंद खोलीत, माइकशिवाय ऐकला तर तो जोरात बोलण्याइतकाच भरतो, कधी त्याहूनही कमी. रेकॉर्डवर तो अवाढव्य वाटतो, कारण तोंड माइकला जवळजवळ चिकटलेलं असतं आणि पुढे कम्प्रेसर (आवाजाची चढउतार दाबून सारखी करणारा) हलक्यातला हलका घरघराटही वर उचलून धरतो. म्हणजे खरखर गळ्याने द्यायची आणि आकार स्टुडिओने. ही वाटणी बिघडली की एक तर गळा सुजतो, नाहीतर मिक्स (सगळे आवाज एकत्र केलेलं गाणं) प्लास्टिकचं वाटतं.

खऱ्या स्वरतंतूंच्या थोडं वर जाड, मऊ घड्यांची आणखी एक जोडी असते. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. मेटलवाले फॉल्स कॉर्ड म्हणतात. बोलताना ते बाजूला असतात. जड वस्तू उचलताना आपण श्वास कोंडतो तेव्हा ते आत येतात. तुवा आणि तिबेटमधल्या खर्जाच्या कंठगायनात हेच तंतू मूळ स्वराच्या निम्म्या वेगाने कंप पावतात, म्हणून एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. ग्राउलमध्ये हे कंपन अनियमित असतं, त्यामुळे ठाम स्वर उरत नाही, घरघर उरते.

सुरुवात फॉल्स कॉर्डपासूनच करावी. तोंड उघडून, आरशावर वाफ धरायची तसा गरम, मोकळा ‘हा’ सोडा. आवाज नाही, फक्त हवा. मग जड पेटी उचलताना येतो तसा हलका ‘हं’ करा आणि गळ्याच्या वरच्या भागात काय आवळलं ते ओळखा. आता ती आवळ साधारण एक तृतीयांश ठेवून पुन्हा तोच गरम ‘हा’ सोडा. मध्येच कुठेतरी ओलसर, खोल गुरगुर सुरू होईल. पहिल्यांदा ती अर्धा सेकंदच टिकते आणि तुटते. तुटली की बहुतेक जण हवा वाढवतात. खरं तर आवळ कमी करायला हवी. ४ सेकंद सलग टिकली की ८ सेकंदांवर जा. सुरुवातीला दिवसाला १० ते १५ मिनिटं पुरतात, तीही अधूनमधून विश्रांती घेत.

हवेचा ताबा पोटाच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंचा. श्वास घेताना खांदे वर गेले तर तो उथळ आहे. कमरेच्या बाजूंवर हात ठेवा. बरगड्या बाहेर गेल्या पाहिजेत आणि ग्राउल चालू असताना त्या लगेच कोसळता कामा नयेत. हवा सावकाश, एकसारखी सुटावी. ओळीच्या शेवटी हवा संपते, ती कमतरता गळा दाबून भरून काढली जाते, आणि दुखापत तिथेच होते. म्हणून ओळी लिहितानाच श्वासाच्या जागा ठरवून घ्या.

फ्राय स्क्रीम म्हणजे उंच, टोकदार किंकाळी; तिची वाट वेगळी. सकाळी उठल्या उठल्या आवाजात जो तुटक, करकरणारा खालचा पट्टा असतो, तो व्होकल फ्राय. तो अगदी कमी हवेवर धरायचा, तसाच पातळ ठेवून वरच्या स्वराकडे न्यायचा आणि मग तोंड ‘ए’कडे उघडायचं. यात हवा फॉल्स कॉर्डपेक्षा बरीच कमी लागते. नवखे इथे हवा ढकलतात, खरे स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि दुसऱ्या दिवशी बोलणंही फाटकं येतं. ब्लॅक मेटलचा टोकदार, उंच आवाज या वाटेने चांगला जमतो. खोल डेथ मेटलसाठी फॉल्स कॉर्डच.

गडदपणा आणि उंची यांचा मोठा भाग तोंडाच्या पोकळीत ठरतो. तीच घरघर चालू ठेवून ‘ऊ’, ‘ओ’, ‘आ’, ‘ए’, ‘ई’ असे स्वर बदलून पाहा. ऐकणाऱ्याला आवाज खालून वर चढत गेल्यासारखा वाटतो, गळ्यात मात्र फारसं काही बदललेलं नसतं. ओठ पुढे काढून गोल केले, स्वरयंत्र खाली सोडलं, जिभेचा मागचा भाग दाबला की आवाज भुयारातून आल्यासारखा होतो. पिग स्क्वील (डुकराच्या किंचाळीसारखा आवाज) म्हणजे याच्या उलट टोक: जीभ टाळूजवळ, ओठ अरुंद, ‘ई’. ‘क’ आणि ‘ग’ मात्र त्रास देतात, कारण जिभेचा मागचा भाग हवेची वाटच बंद करतो. ही व्यंजनं शक्य तितकी पुढे, हलकी उच्चारावीत. श्वास आत ओढून काढलेला आवाज मी शिकवणार नाही: तंतू लवकर कोरडे पडतात, शब्द कळत नाहीत आणि ताबा कधीच पुरता येत नाही.

घशात गुदगुल्या झाल्या, खोकला आला, की थांबा. दुखलं तर त्या दिवसाचं काम संपलं. एक तपासणी सरावाआधी आणि नंतर नेमाने करावी. अगदी हळू आवाजात, वरच्या पट्टीत ‘ऊ’ धरा आणि स्वर सावकाश वर नेत जा. सरावाआधी जिथपर्यंत तो स्वच्छ पोहोचत होता, तिथे आता हवा फुसफुसत असेल किंवा आवाज उशिरा उमटत असेल, तर तंतूंना सूज आहे. मोठ्या आवाजात ही सूज लपते, म्हणून हळूच तपासायचं. आवाज दोन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. पाणी गाण्याच्या काही तास आधीपासून प्यावं; गाताना घेतलेला घोट तोंड ओलं करतो, तंतूंपर्यंत तो जातच नाही.

आता रेकॉर्डिंग. शुअर एसएम ७बीसारखा डायनॅमिक माइक खोलीचा आवाज कमी घेतो आणि वरच्या पट्ट्यातली करकर मवाळ करतो. साधा एसएम ५८ सुद्धा चालतो. अंतर ५ ते १० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), माइक तोंडाच्या रेषेपासून थोडा तिरका. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा.

हेडफोनमध्ये गायकाला काय ऐकू येतं, याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि घसा सगळ्यात जास्त तिथेच फुटतो. कोरडा, बारीक आवाज कानात आला की माणूस नकळत जोर लावतो. म्हणून ऐकण्यापुरता सढळ कम्प्रेसर, थोडं डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेला फाटकेपणा) आणि छोटा रिव्हर्ब (खोलीसारखी घुमक) लावून द्या, गिटार थोड्या खाली घ्या. संगणकाचा बफर (आवाज परत येण्याआधी साठवला जाणारा तुकडा) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर असावा, नाहीतर स्वतःचाच आवाज उशिरा येऊन ताल सुटतो. सलग दोन-तीन तासांपुढे सत्र ओढू नये. एखाद्या ओळीचे डबल टेक, म्हणजे तीच ओळ पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंगं, त्याच बैठकीत, लगेच घ्यावेत. आवाजाचा पोत तासाभरात बदलतो आणि मग थर जुळत नाहीत.

डबल खरे गायलेले हवेत. एकच टेक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तर रुंदी मिळत नाही, फक्त आवाज वाढतो. मुख्य टेक मध्यभागी, दोन डबल पूर्ण बाजूंना ६ ते ८ डेसिबल खाली. शब्दांची सुरुवात आणि शेवटची व्यंजनं जुळवा. मधला स्वर सैल राहू द्या, जाडी त्यातूनच येते. डबलमधला प्रत्येक ‘स’ आणि ‘ट’ बराच खाली ओढा, नाहीतर एकाच शब्दाला तीन टोकं ऐकू येतात. खालचा ग्राउल आणि वरचा स्क्रीम एकाच ओळीवर रचण्याची रीत डीसाइड या डेथ मेटल बँडच्या ग्लेन बेंटनमुळे गाजली. ती आजही तितकीच प्रभावी आहे, पण निवडक ओळींवरच. पूर्ण गाणं तसं केलं की त्यातला धक्का जातो.

चेनमध्ये, म्हणजे आवाजावरच्या प्रक्रियांच्या क्रमात, आधी एडिट: ओळींची ढासळणारी टोकं क्लिप गेनने (त्या तुकड्याची पातळी बदलून) हाताने वर घ्या. मग ८० ते १२० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), हलका डी-एसर (‘स’ची शिट्टी दाबणारा), त्यानंतर ११७६ या मॉडेलच्या जातीचा कम्प्रेसर ४:१ वर, ५ ते ७ डेसिबल रिडक्शन. अटॅक (कम्प्रेसरची पकड बसण्याचा वेळ) अगदी वेगवान ठेवला की व्यंजनांची धार जाते. पुढे एखादा संथ ऑप्टिकल कम्प्रेसर, २-३ डेसिबल. गढूळपणा बहुधा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये सापडतो, कानाला बोचणारा भाग २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये. गिटारही याच भागात दाट असतात, म्हणून आवाज आल्यावर तिथे गिटार १-२ डेसिबल खाली जातील असा साइडचेन लावलेला डायनॅमिक ईक्यू मला आवाज वर ढकलण्यापेक्षा जास्त पटतो.

डिस्टॉर्शन समांतर बसवर, म्हणजे मूळ आवाजाशेजारी चालणाऱ्या वेगळ्या वाहिनीवर. तिथे ३०० हर्ट्झखालचं आणि ६-७ किलोहर्ट्झवरचं कापा, ड्राइव्ह भरपूर द्या आणि मुख्य आवाजाखाली १२ ते १५ डेसिबलवर मिसळा. बंद केल्यावर उणीव जाणवावी, चालू असताना वेगळं ऐकू येऊ नये. डी-एसर याच्या आधीच हवा. डिस्टॉर्ट झालेला ‘स’ नंतर आवरत नाही.

पिच शिफ्टर, म्हणजे आवाजाची पट्टी वर-खाली सरकवणारं साधन, ही जुनी युक्ती. इव्हेंटाइडचा एच ९१० हार्मोनायझर १९७५ चा. कार्कस या बँडच्या १९८८ आणि १९८९ च्या अल्बममध्ये पिच उतरवलेला आवाज सर्रास ऐकू येतो. पूर्ण सप्तक खाली नेलं तर ते राक्षसी पण उघडउघड कृत्रिम वाटतं. ३ ते ५ सेमीटोन (सेमीटोन म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) खालचा थर, मुख्य आवाजाखाली १० डेसिबलवर, गळ्यातूनच आल्यासारखा बसतो. प्लगइन एकस्वरी मोडवर ठेवू नका. ग्राउलमध्ये स्वर नसल्याने ते तो शोधत भरकटतं आणि चिवचिव ऐकू येते. पॉलिफोनिक (बहुस्वरी) मोड घ्या.

वेगवान डेथ मेटलला छोटा प्लेट रिव्हर्ब, सेकंदभराचा, २० ते ४० मिलिसेकंद प्री-डिलेसह (घुमक सुरू होण्याआधीचा विलंब). ब्लॅक मेटलला ३ सेकंदांचा हॉलही चालतो, मात्र रिव्हर्बमधलं ३०० हर्ट्झखालचं कापून. डिले (प्रतिध्वनी) फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर: ६०,००० भागिले टेम्पो (मिनिटाचे ठोके) म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १८० च्या टेम्पोला ३३३, अर्ध्या ठोक्याला १६७.

स्टेजवर यातलं सगळं नेता येत नाही, तरी माइकची जाळी मुठीत धरून उणीव भरून काढू नका. जाळीखालचे मागचे छिद्रमार्ग बंद झाले की माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो. मधला पट्टा फुगतो, शब्द जातात आणि मॉनिटर (गायकाकडे वळवलेले स्पीकर) शिट्टी मारतात. मूठ जाळीखाली, दांड्यावर ठेवा आणि मॉनिटर इंजिनिअरला आपला आवाज कम्प्रेसरसकट द्यायला सांगा.