माझ्या वहीतली खारट चूक

आज टेस्टचे पेपर मिळाले. वर्गात अकरा जणांना एकाच वाक्यावर लाल फुली, आणि ते वाक्य माझं.

झालं असं, मागच्या महिन्यात पावसाने एसटी बंद, निम्मा वर्ग घरी. खारफुटीचं लेक्चर मी उतरवून घेतलं आणि रात्री पानांचे फोटो ग्रुपवर टाकले. माझं अक्षर बरं आहे, त्यामुळे लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्यात कांदळ या खारफुटीच्या झाडाबद्दल मी लिहून बसले, 'कांदळ पानांतून मीठ बाहेर टाकतो.' सर काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून हसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

संध्याकाळी धोपाव्याला फेरीबोटीची वाट बघताना मैत्रीण म्हणाली, "चल गो, एकदा बघूया तरी." खाडीच्या कडेला चिखलात तिवराची, म्हणजे खारफुटीतल्याच दुसऱ्या झाडाची, श्वसनमुळं पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली. दोन दिवस कडक ऊन होतं, पानावर बारीक पांढरे कण. जिभेला लावलं. मीठच! पानांतून मीठ टाकणारा हा तिवर. कांदळ ते बरंचसं मुळांपाशीच अडवतो. बाजूला त्याच्या शेंगा लोंबत होत्या, खरं तर झाडावरच रुजलेली रोपं.

बोटीतच दुरुस्त पान ग्रुपवर टाकलं. लगेच एकीचा मेसेज: "अगं, जुनं पान झेरॉक्सवाल्याकडे आहे. ज्युनिअर नेतायत."

उद्या पहिली गाडी पकडून आधी त्याचं दुकान गाठायचंय.