ब्रह्मगिरीची फेरी, आडवारी

भाद्रपद वद्य दशमी, बुधवार. रात्रीचे साडेनऊ.

आज ताईबरोबर त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी, म्हणजे प्रदक्षिणा, करून आले. याआधीच्या माझ्या दोन्ही फेऱ्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या होत्या. रविवारी रात्री त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर स्नान करून, ‘बम बम भोले’च्या गजरात, अनवाणी पायांनी चिखल तुडवत त्या अफाट गर्दीबरोबर पुढे सरकत राहायचे, असा तो प्रकार असतो आणि त्याची गोडी मी नाकारत नाही, पण त्या दोन्ही रात्रींतून माझ्या डोळ्यांपुढे काय उरले असेल, तर पुढे चालणाऱ्याच्या टाचा. ज्याला वळसा घातला तो डोंगर अंधारातच राहिला होता. म्हणून या वेळी मुद्दाम आडवार धरला. ‘पितृपक्षात कसली फेरी?’ असे शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा ताईने ‘पितरांनाच घेऊन जातोय’ असे उत्तर देऊन विषय मिटवला.

नाशिकहून त्र्यंबक 28 किलोमीटर. सकाळच्या पहिल्या एसटीने उतरलो, तेव्हा कुशावर्ताकडे श्राद्धविधींसाठी आलेल्यांची रीघ लागलेली होती. पायांवर पाणी घेऊन आम्ही सातच्या सुमारास निघालो. लहान फेरी सुमारे 20 किलोमीटरची, मोठी हरिहर किल्ल्यालाही वळसा घालणारी, ती 40 ची. आम्ही लहानच धरली. ताई सहासष्ट वर्षांची आहे आणि तिच्या गुडघ्यांविषयी तिचे मत डॉक्टरांपेक्षा बरेच चांगले आहे. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा एवढा एकच नियम पाळला की या वाटेवर फारसे चुकायला होत नाही.

पेगलवाडी मागे टाकून पहिन्याच्या बाजूला वळल्यावर गावातून रोज दिसणारी ती काळ्या कड्यांची भिंत हळूहळू बाजूला सरली, आणि तिच्यामागून रानाने भरलेल्या सोंडा, घळी आणि अजूनही न आटलेल्या पाण्याच्या बारीक रेघा बाहेर आल्या. डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर ढगात होता. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पहिन्याच्या धबधब्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग हलत नाही. आज त्याच रस्त्यावर दोन म्हशी आणि त्यांच्यामागे काठी फिरवणारा एक मुलगा, एवढीच वाहतूक होती.

पुढचा टप्पा मला सर्वांत आवडला. खाचरांतला भात निसवला होता, बांधांवर तेरडा गुलाबी झाला होता, आणि वरच्या उतारांवरच्या वरकस जमिनीत नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसे अजून हिरवी, बोटे आत वळवलेल्या मुठीसारखी दिसत होती. नाशिक शहरात वर्षाकाठी 700 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि इकडे तोच 2000 च्या वर जातो, हे आकड्यांत ठाऊक होते. आमच्याकडे द्राक्षबागा आणि इथे भात-नागली असा फरक तासाभराच्या अंतरात का पडतो, हे मात्र त्या ओल्या बांधावरून घसरता घसरता नीट समजले.

एका माळावर एक बाई गवत कापत होत्या. भारा बांधायला त्यांच्याकडे दोरी नव्हती, म्हणून कापलेल्यातलीच दोन मुठी लांब पाती घेऊन, शेंडे एकमेकांत गुंतवून, अंगठ्याखाली पीळ देत त्यांनी बघता बघता बंद वळला, भाऱ्याखालून ओढून घेतला, गुडघा रोवून आवळला आणि टोक आत खोचून टाकले. गाठ अशी मारलीच नाही. ताईने करून पाहिले, तर तिचा बंद दोनदा तुटला. ‘ओलं गवत घ्या मावशी, वाळकं तुटतं,’ असे त्या हसून म्हणाल्या. मग आम्ही वाट विचारली, तेव्हा कळले की आम्ही चुकीच्या फाट्याने त्यांच्याच माळात येऊन थांबलो होतो. एक नियम पुरेसा आहे असे वर लिहिले आहे, ते ताईने वाचू नये.

या फेरीत वाट चुकण्याला मोठी परंपरा आहे, हे आपले समाधान. आईवडील आणि भावंडांबरोबर प्रदक्षिणा करताना वाघ समोर आला, धावपळीत निवृत्तीनाथ चुकले आणि एका गुहेत त्यांना त्यांचे गुरू गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. आम्हाला भेटली ती बांधाकडेला चिखलात अर्धी रुतलेली एकच चप्पल. ती श्रावणातली असणार. तिच्या आसपास पाण्याच्या रिकाम्या बाटल्याही बऱ्याच होत्या, आणि बम बम भोले म्हणत त्या टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग आला.

धाडोशीच्या अंगाला एका ओहोळाकाठी भाकरी सोडली. पाण्यात नखाएवढा खेकडा दगडाखालून बाहेर येई आणि आमची सावली हलली की आत जाई. तिथे बसल्यावर लक्षात आले की हे पाणी गोदावरीला मिळणारे नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला 1465 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते; त्याच परिसरातली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते आणि वाटेत धरणांमधून मुंबईला पाणी देते. म्हणजे फेरी करणारा माणूस हा जलविभाजक दोनदा ओलांडतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. तिथे ना देऊळ आहे ना पाटी. सकाळी आम्हीही तो गप्पांच्या नादात कधी ओलांडला, ते कळले नव्हते.

त्यानंतरची गौतमाच्या धसाची चढण तेवढी दम काढणारी आहे. ताई तीन वेळा बसली आणि तिन्ही वेळा ‘दृश्य पाहतेय’ म्हणाली. सापगावात एका घरी गवती चहा घातलेला कोरा चहा मिळाला. पैसे द्यायला लागलो तर त्यांनी घेतले नाहीत. अडीच वाजता त्र्यंबकात परत आलो.

घरी आल्यावर पायऱ्यांवर बसून ताईच्या साडीच्या काठाला चिकटलेले गवताचे बी एकेक करून काढत होते. निम्मे झाले, तेवढ्यात ती बसल्या जागी झोपली. उरलेले तसेच आहे.